लेबलावर खोडलेलं नाव

माझा जन्म अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावात झाला. बाबा तिथे मृदाशास्त्रात डॉक्टरेट करत होते. मी दोन वर्षांची असताना आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बाबा प्रबंध अर्धवट टाकून आम्हाला घेऊन सांगलीला परतले. पुन्हा जायचं जमलं नाही. कॉलेजात लेक्चरर म्हणून लागले ते तिथूनच निवृत्त झाले. अमेरिकेहून त्यांनी आणलेल्या वस्तूंमध्ये एक टोस्टर होता, दोन-चार पुस्तकं होती आणि माझा जन्मदाखला होता. दाखल्यावर इस्पितळाचा सोनेरी शिक्का होता. बाबा तो एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवत आणि वर्षातून एकदा काढून बघत. "हा कागद असेपर्यंत तू तिथली नागरिक आहेस," असं म्हणत. मला त्याचं काही विशेष वाटत नसे. मी सांगलीची होते.

लग्न ठरताना सासूबाईंना पत्रिकेसाठी नेमकी जन्मवेळ हवी होती, म्हणून बाबांनी तो दाखला दाखवला. त्यांनी तो वाचला, मग मुलाकडे दिला. त्यानेही बराच वेळ वाचला. जन्मवेळ पहिल्याच ओळीत होती. हे मला आज आठवतं. त्या दिवशी मी चहाचे कप उचलत होते.

तो इंजिनिअर होता. एका बांधकाम कंपनीतर्फे अल-खोबरला नोकरी करत होता. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणत असे. आता लिहिताना 'तो' येतं, तसंच राहू दे. लग्नानंतर तीन महिन्यांनी मी खोबरला गेले. समुद्रापासून दोन गल्ल्या आत तीन खोल्यांचा फ्लॅट होता, खाली लाँड्री, वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक भाभी. त्यांच्या मिस्टरांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. मी लॅब टेक्निशियन होते. वर्षभरात एका खासगी इस्पितळात नोकरी मिळाली आणि माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या नावावरून इस्पितळाच्या नावावर गेला. आता माझे कफील, म्हणजे परवान्याचे जामीनदार, इस्पितळवाले होते. माझा पासपोर्ट त्यांच्या कचेरीतल्या कपाटात राहू लागला. तिथे सगळ्यांचं तसंच होतं, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अमेरिकन पासपोर्ट काढायची कल्पना त्याची. "कागद आहेच, तर वापरायला काय हरकत आहे?" तो म्हणाला. मी काढला. एका माणसाने दोन देशांचे पासपोर्ट बाळगणं भारताच्या कायद्यात बसत नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नसू. अमेरिकेचा पासपोर्ट घरात साड्यांच्या कप्प्यात असे. मग माझ्या नावावर त्याच्यासाठी अर्ज झाला आणि दोन वर्षांनी त्याला ग्रीन कार्ड मिळालं. ते चालू राहावं म्हणून तो दरवर्षी एकदा ह्यूस्टनला जाऊन येई. तिथे त्याचा कॉलेजातला मित्र राहत होता. मला रजा मिळत नसे. "एकदा तिथे बस्तान बसलं की आपण कायमचे जाऊ," असं तो म्हणे. मीही ते माझ्या पत्रांतून बाबांना लिहीत असे. बाबा उत्तरात माझं ते एक वाक्य पुन्हा उतरवत आणि त्याखाली पेन्सिलीने रेघ मारत.

अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला, कुठेही कमावत असला, तरी त्याला दरवर्षी त्यांच्या टॅक्स खात्याकडे रिटर्न भरावा लागतो, हे मला पासपोर्ट काढल्यावर कळलं. ग्रीन कार्डवाल्यालाही तोच नियम. टॅक्स बहुधा काही बसत नसे, पण फॉर्म भरणं चुकत नसे. नवऱ्याला त्याचा कंटाळा होता. मला नव्हता. जानेवारीत पोस्टाच्या पेटीत टॅक्सची पुस्तिका येई. तिच्यासोबत आधीच छापलेलं एक लेबल असे, आमची दोघांची नावं आणि खोबरचा पोस्ट बॉक्स. ते सोलून फॉर्मच्या डोक्यावर चिकटवायचं. मग मी त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के बघून तो वर्षात किती दिवस अमेरिकेबाहेर होता ते मोजायची. सलग बारा महिन्यांत तीनशे तीस पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर काढलेले असले की बरीच सूट मिळे. जोडपत्रात एक प्रश्न असे: या वर्षात तुमच्या कुटुंबातलं कोणी तुमच्यासोबत परदेशी राहत होतं का? असल्यास कोण, आणि कधीपासून कधीपर्यंत? तिथे मी दरवर्षी लिहीत असे: होय, पत्नी, पूर्ण वर्ष. मग दोघांच्या सह्या. फॉर्म पोस्टात टाकून आलो की आम्ही समुद्रावर जाऊन शोरमा खायचो. त्या संध्याकाळी मला आमचा संसार अगदी पक्का वाटायचा. सरकारदरबारी लिहिलेला, दोघांनी सही केलेला.

मग १९९० साली इराकच्या हाती कुवेत पडलं. त्या ऑगस्टमध्ये खोबरच्या रस्त्यांवर कुवेती गाड्यांची रांग लागली, टपावर गाद्या, आत पोरंबाळं. पाठोपाठ अमेरिकन सैन्य आलं. दुकानांत खिडक्यांना लावायची चिकटपट्टी मिळेनाशी झाली. ज्यांची बायका-मुलं सोबत होती त्यांनी ती भारतात पाठवली. इस्पितळाने मात्र फतवा काढला: कोणालाही रजा नाही. लॅबच्या लोकांना तर नाहीच. देशाबाहेर पडायला पासपोर्टवर कफीलाच्या संमतीचा शिक्का लागतो. माझा भारतीय पासपोर्ट त्यांच्या कपाटात. साड्यांच्या कप्प्यातल्या अमेरिकन पासपोर्टवर सौदीत शिरल्याचा शिक्काच नव्हता, मग बाहेर पडल्याचा कुठून मारणार?

जानेवारीत लढाई तोंडावर आल्यावर अमेरिकन नागरिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना बाहेर नेणाऱ्या एका विमानात आम्हाला जागा मिळाली. माझ्या नावावर, दोघांना. नवऱ्याची कंपनी त्याला सोडायला तयार होती. दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. खिडकीवर चिकटपट्टीच्या फुल्या होत्या.

"तू नाहीस तर मी कसा जाऊ?" तो म्हणाला.

"दोघांनी अडकून काय होणार आहे? तुम्ही जा. तिथे काहीतरी बघून ठेवा. माझी सुटका झाली की मी येते."

"लोक काय म्हणतील, बायकोला लढाईत टाकून गेला म्हणून?"

"लोकांचं काय ऐकायचंय? मीच सांगतेय ना."

त्याने आणखी दोनदा नाही म्हटलं. मी आणखी दोनदा समजावलं. मग त्याने मान खाली घालून हो म्हटलं. त्याची बॅग मी भरली. तिकडची थंडी म्हणून स्वेटर, लोणच्याची बाटली चार पिशव्यांत गुंडाळून. नुकतीच आलेली टॅक्सची पुस्तिकाही त्याने मागून घेतली. "या वर्षी फॉर्मचं मी बघतो," तो म्हणाला. "तुला इथे कमी व्याप आहेत का? तिथे भरतो आणि तुझ्या सहीला पाठवतो." मला भरून आलं. इतक्या वर्षांत त्याने कधी त्या फॉर्मला हात लावला नव्हता.

लढाईचे ते सहा आठवडे मी लॅबमध्ये काढले. आम्हाला गॅसचे मुखवटे दिले होते. भोंगा वाजला की ते चढवून ओल्या फडक्यांनी दाराच्या फटी बुजवायच्या आणि आत बसायचं. मुखवट्यातून सूक्ष्मदर्शकात बघता येत नाही, त्यामुळे काम थांबे आणि रक्ताच्या बाटल्यांची रांग वाढत जाई. मी घाबरले होते, पण एक समाधानही होतं: निदान तो सुखरूप आहे. भाभी गेल्या नव्हत्या, कारण त्यांचे मिस्टर दुकान सोडायला तयार नव्हते. मी ड्युटीवरून आले की त्या वरून हाक मारत, "जेवलीस काय गो?" आणि उत्तराची वाट न बघता ताट घेऊन खाली येत.

त्याची पत्रं येत होती. मित्राकडे उतरलोय, एका कंपनीत लागलोय, घर शोधतोय. 'सगळं स्थिरस्थावर झालं की तुला कळवतो.' लढाई संपली. इस्पितळाने रजा सुरू केल्या. मी लिहिलं, आता मी निघू शकते. उत्तर आलं: 'घाई करू नकोस, उन्हाळ्यानंतर बघू.' फॉर्मचंही मी विचारलं होतं. त्याबद्दल त्या पत्रात काही नव्हतं.

मे महिन्यात कुवेतच्या तेलविहिरींचा धूर आमच्यापर्यंत आला होता. भर दुपारी मोटारी दिवे लावून जायच्या, दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. अशाच एका दुपारी ड्युटी संपवून मी पोस्टात गेले. पेटीत टॅक्स खात्याचा जाड लिफाफा होता. नाव त्याचं होतं, पण त्या खात्याची पत्रं नेहमी मीच उघडत असे. मला वाटलं, सहीसाठी आमचा फॉर्म आला. मी तिथेच काउंटरपाशी लिफाफा फाडला.

आत त्याने भरलेला फॉर्म होता आणि छापील चिठ्ठी: आपण सही करायला विसरला आहात, सही करून परत पाठवा. फॉर्मच्या डोक्यावर आमच्या पुस्तिकेतलं ते लेबल होतं. त्याने पत्ता बदलला नव्हता, म्हणून फॉर्म खोबरला परत आला. मात्र लेबलावरच्या दोन नावांपैकी खालच्या नावावर त्याने रेघ मारली होती. एकच, सरळ, पट्टी लावून. खालचं नाव माझं होतं.

त्याखाली पाच चौकोन असतात: अविवाहित, विवाहित आणि एकत्र, विवाहित पण वेगळे, आणखी दोन. त्याने पहिल्यात फुली केली होती.

मी पुढची पानं उलटली. जोडपत्र त्याने माझ्याच मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवलं होतं. माझी वाक्यं, माझी स्वल्पविरामांची सवय, दिवस मोजायची माझी पद्धत, सगळं जसंच्या तसं. फक्त कुटुंबातलं कोणी सोबत राहत होतं का, या प्रश्नासमोर लिहिलं होतं: नाही.

आठ वर्षं मी त्या घरात राहिले होते. माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाने अरबीत काहीतरी विचारलं, बहुतेक सरकता का म्हणून. मी सरकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला टेलिफोन ऑफिसात जाऊन मी ह्यूस्टनचा कॉल लावला. तिथे सकाळचे सात वाजले होते. त्याने झोपेतल्या आवाजात हॅलो म्हटलं.

"तुमचा टॅक्सचा फॉर्म इथे परत आलाय. सही राहिली होती."

"तू उघडलास?"

"हो."

"अगं, तो नुसता फॉर्म आहे. इथल्या टॅक्सवाल्या माणसाने सांगितलं तसं लिहिलं. त्याचा एवढा अर्थ नको लावूस."

"कुटुंबातलं कोणी सोबत नव्हतं, हेही त्याने सांगितलं?"

कॉलचं मीटर काचेपलीकडे पळत होतं.

"इथे ऑफिसात सगळ्यांना मी एकटाच आहे असं माहीत आहे," तो म्हणाला. "त्यामुळे मग सगळीकडे तसंच लिहावं लागलं."

"ऑफिसात तरी तसं का सांगितलंत? आणि कधी?"

"नोकरीच्या अर्जातच. मागच्या वर्षी मार्चमध्ये."

मागच्या वर्षीचा मार्च. म्हणजे कुवेतच्या आधी पाच महिने. लढाईचं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या मार्चच्या ह्यूस्टनच्या फेरीत त्याने नोकरी ठरवली होती आणि परत येऊन माझ्यासोबत त्या टेबलाशी बसून एकत्र रिटर्नवर सही केली होती.

"म्हणजे जानेवारीत मी तुम्हाला 'जा, जा' म्हणत होते तेव्हा…"

"तूच म्हणालीस ना जा म्हणून!" त्याचा आवाज एकदम चढला, सुटका झाल्यासारखा. "मी नाही म्हणत होतो. आणि हे बघ, तुझं काय गेलंय? तुझं नागरिकत्व तुझ्याकडेच आहे. तू कधीही इथे येऊ शकतेस. वेगळी राहा, नोकरी कर. मी आड येणार नाही."

मी फोन ठेवला. बाहेर आले तर दुपारचं आकाश गढूळ काळं. घरी आल्यावर भाभींना सांगितलं. भाभींनी फॉर्म हातात घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी माझ्या नावावरच्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टी लावून मारलीन काय, या अल्ला?" आणि मला जवळ ओढलं. मी तोवर रडले नव्हते.

माझा स्वतःचा त्या वर्षीचा रिटर्न भरायचा राहिला होता. बाहेर राहणाऱ्यांना जूनच्या मध्यापर्यंत मुदत असते. मी नवा कोरा फॉर्म आणला आणि 'विवाहित पण वेगळे' या चौकोनात फुली केली. त्या चौकोनासमोर एक रिकामी ओळ असते. तिथे नवऱ्याचं पूर्ण नाव आणि नंबर लिहावा लागतो. मी लिहिलं. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की घटस्फोट होईपर्यंत, आणि भारतातल्या कोर्टात तो कधी होईल कोण जाणे, दरवर्षी हे मला माझ्या हाताने लिहावं लागणार. त्याने मला एका रेघेत काढून टाकलं होतं आणि मी त्याला वर्षानुवर्षं सुवाच्य अक्षरात लिहीत बसणार होते. ज्या कागदासाठी त्याने माझ्याशी लग्न केलं, तो कागद मला नकोसा झाला. हे शहाणपणाचं कारण नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

नागरिकत्व सोडायला स्वतः जावं लागतं. पत्राने होत नाही. मी जुलैत अमेरिकन वकिलातीच्या कचेरीत गेले. समोर पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझी सगळी चौकशी केली.

"तुमच्यावर कोणी दबाव आणतंय का?"

"नाही."

"हे परत फिरवता येत नाही. आणि यामुळे मागच्या वर्षांचा टॅक्स किंवा रिटर्न माफ होत नाहीत. शपथेच्या दिवसापर्यंतचं सगळं भरावं लागेल."

"सगळं भरलेलं आहे," मी म्हणाले. "मीच भरते."

त्यांनी चष्मा काढला. "मग सोडताय कशासाठी?"

मला इंग्रजीत ते सांगता येईना. मराठीतही आलं असतं का कोणास ठाऊक. मी म्हणाले, "वैयक्तिक." त्यांनी मला घरी पाठवलं. महिनाभर विचार करा म्हणाल्या.

महिन्याने मी पुन्हा गेले. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आहे हे दाखवावं लागतं, म्हणून इस्पितळातून भारतीय पासपोर्ट एका दिवसासाठी सोडवून आणला होता. बाईंनी मला उभं केलं. उजवा हात वर करून शपथ मोठ्याने वाचायला सांगितली. स्वखुशीने, कोणाच्याही जबरदस्तीशिवाय, सर्व हक्कांसह. त्यांनी अमेरिकन पासपोर्ट घेतला, आणि पावती दिली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर पडून मी टॅक्सी केली आणि दुपारच्या ड्युटीवर हजर झाले.

बाबांना मी हे सगळं होऊन गेल्यावर कळवलं. नवऱ्याचं आधी सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "तू इकडे ये किंवा तिकडे जा, पण त्या माणसासाठी थांबू नकोस." शपथेचं सांगितल्यावर मात्र ट्रंक कॉलवर त्यांचा आवाज ओळखू येईना.

"तू सोडलंस?"

"हो, बाबा."

"मला विचारलं नाहीस."

"माझं होतं ते."

"तुझं होतं," ते म्हणाले. "पण आणलं मी होतं. माझं सगळं तिथे राहिलं. तेवढी एकच गोष्ट मी तुझ्यासाठी घेऊन आलो होतो. त्याने तुला फसवलं, आणि तू मला."

ते खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही. नवरा नावाचा माणूस माझ्याशी जसा वागला, तशीच मी बाबांशी वागले होते. त्यांच्या पाठीमागे एक कागद भरला होता आणि सगळं आटोपल्यावर कळवलं होतं.

नंतरच्या गोष्टी लवकर झाल्या. दोन वर्षांनी त्याने वकिलामार्फत कागद पाठवले आणि आपसांत घटस्फोट झाला. त्याने तिकडे दुसरं लग्न केल्याचं कळलं. तो नागरिक झाल्याचंही कळलं. मी खोबरमध्ये आणखी सोळा वर्षं काढली, लॅबची प्रमुख झाले, फ्लॅट मात्र तोच ठेवला, भाभींमुळे. तिकडे गेले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला पहिली काही वर्षं छळत असे. त्याच्याबद्दलचा राग विझला, पण एक गोष्ट अजून जात नाही. जानेवारीतल्या त्या दुपारी त्याने चारदा नाही म्हटलं होतं. त्या प्रत्येक वेळी तो माझ्याकडून पुढचं 'जा' काढून घेत होता, आणि मी ते प्रेमाने दिलं.

शपथ घेतली त्याच वर्षी सुट्टीला सांगलीला गेले तेव्हा बाबा स्टँडवर घ्यायला आले. बॅग उचलली, रिक्षा ठरवली, प्रवास कसा झाला विचारलं. पुढे ते पंधरा वर्षं होते. पत्रं लिहायचे, माझ्याकडे एकदा मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघालेल्या भाभींसाठी बेदाणेही पाठवले. आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो. त्या विषयावर मात्र शेवटपर्यंत नाही.